पहिला म्हणजे कितवा? पियानो कॉन्चेर्टोच्या अभ्यासाची प्रस्तावना

१

मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘पियानो कॉन्चेर्टो क्रमांक १’ असे छापलेले दिसले, की या प्रकाराला संगीतकाराने हात घातला तो इथून, असे आपण धरून चालतो. पुढचा सगळा प्रवास या एका बिंदूपासून मोजायचा, अशी आपली समजूत असते. या विषयात थोडे आत शिरले, की ही समजूत टिकत नाही. मोत्सार्टच्या यादीत पहिला क्रमांक ज्या रचनेला मिळाला आहे, ती मुळात त्याची नाही. बेथोव्हेनचा पहिला कॉन्चेर्टो त्याच्या हातून उतरलेला निदान तिसरा आहे. शोपँचा पहिला लिहिण्याच्या क्रमाने दुसरा आहे. राख्मानिनॉव्हचा पहिला आज ज्या रूपात वाजतो, ते रूप त्याच्या तिसऱ्याच्याही नंतरचे आहे. आणि ब्राम्सचा पहिला जन्माला आला, तेव्हा तो कॉन्चेर्टो नव्हताच.

हे सगळे योगायोग आहेत असे मला वाटत नाही. पहिला कॉन्चेर्टो म्हणजे संगीतकाराच्या वाटचालीतला आरंभबिंदू असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तो एक निर्णय असतो. मागे पडलेल्या प्रयत्नांतून, खोडलेल्या पानांतून, रद्द केलेल्या आवृत्त्यांतून एक रचना पुढे करून ‘मला इथून मोजा’ असे संगीतकार जगाला सांगतो. कधी त्याच्या वतीने प्रकाशक सांगतो, तर कधी त्याच्या मृत्यूनंतर सूचिकार. हा निर्णय कोणी, केव्हा आणि कशासाठी घेतला, हे शोधता शोधता त्या संगीतकाराचे सगळे जग हाती लागते: त्याचा पियानो, त्याचे श्रोते, त्याचे पैशाचे व्यवहार, त्याचे गुरू आणि त्याची भीती. या अभ्यासक्षेत्राची गोडी आहे ती इथे, आणि नव्या वाचकाला तिथवर नेणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

२

आधी प्रकाराची तोंडओळख. पियानो कॉन्चेर्टो म्हणजे एक पियानो आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, साधारणपणे तीन भागांची रचना. पहिला भाग जलद आणि विस्तृत, दुसरा संथ, तिसरा पुन्हा जलद. अभिजात काळाच्या रूढ घडणीत पहिल्या भागाचा आरंभ वाद्यवृंद करतो. मुख्य सुरावटी तो मांडून दाखवतो, तोवर वादक पियानोपाशी थांबलेला असतो. मग पियानो येतो, त्याच सुरावटी आपल्या पद्धतीने सांगतो आणि काही नव्याही आणतो. भाग संपत आला, की वाद्यवृंद एका कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) थबकतो आणि वादकाला मोकळी जागा मिळते. तिला कॅडेन्झा म्हणतात.

ख्यालगायन ऐकत वाढलेल्या कानाला इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. ख्यालात बंदिश थोडकी असते आणि तिचा विस्तार कलाकार त्या बैठकीत करतो. कॉन्चेर्टोत जवळजवळ सगळाच विस्तार कागदावर उतरलेला असतो आणि उत्स्फूर्ततेला राखून ठेवलेली जागा म्हणजे कॅडेन्झा. अठराव्या शतकात ही जागा खरोखर मोकळी असे, कारण वाजवणारा बहुधा स्वतः संगीतकारच असे. पुढे इतर वादक त्या रचना वाजवू लागले, तसतसे कॅडेन्झाही लिहून दिले जाऊ लागले.

संगीतकार आणि वादक एकच असणे हा या प्रकाराचा आर्थिक पायाही होता. मोत्सार्ट किंवा तरुण बेथोव्हेन व्हिएन्नात स्वतःची मैफल भरवत, तेव्हा लोक तिकीट काढून येत ते नवा कॉन्चेर्टो खुद्द कर्त्याच्या हातून ऐकायला. तो छापून टाकला, की कोणीही वाजवणार. म्हणून चांगला कॉन्चेर्टो हस्तलिखितात जपून ठेवायचा आणि त्याची नवलाई ओसरली की प्रकाशकाला द्यायचा, असा व्यवहार होता. बेथोव्हेनने १८०१ साली ब्राइटकोप्फ या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात हे धोरण स्पष्ट सांगितले आहे. लिहिणे आणि छापणे यांत अशी वर्षे जात असल्याने क्रमांकांचा घोळ होणे अटळ होते.

३

मोत्सार्टपासून सुरुवात करू. १७६७ साली, साल्झबुर्गमध्ये, अकरा वर्षांच्या मोत्सार्टने चार कॉन्चेर्टो तयार केले. आज त्यांना १ ते ४ असे क्रमांक आहेत. एकोणिसाव्या शतकात त्याचे समग्र संगीत छापले गेले, तेव्हा ते त्याचेच मानले गेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी त्यांतले मूळ सोनाटे शोधून काढले. राउपाख, होनाउअर, शोबर्ट, एकार्ड आणि कार्ल फिलिप एमानुएल बाख अशांच्या सोनाट्यांचे भाग घेऊन त्यांना वाद्यवृंदाची जोड दिलेली आहे. हस्तलिखितात वडील लेओपोल्ड यांचेही अक्षर आहे. मुलाचा हात बसावा म्हणून बापाने घालून दिलेला हा धडा होता, असे ही पाने पाहताना वाटते. पुढे १७७२च्या सुमारास त्याने योहान क्रिस्टियान बाखच्या तीन सोनाट्यांवरही अशीच मेहनत केली.

त्याचा पहिला खरोखर स्वतःचा पियानो कॉन्चेर्टो आला १७७३च्या डिसेंबरात. डी मेजर, मोत्सार्टच्या रचनांच्या केशेल सूचीत १७५, आणि क्रमांक मात्र ५. सतरा वर्षांच्या मुलाने त्यात ट्रंपेट आणि टिंपनी घातले आहेत आणि सगळ्या रचनेला सणासुदीचा थाट आहे. ही रचना त्याला किती प्रिय होती, हे पुढच्या नऊ वर्षांवरून कळते. १७८२ साली व्हिएन्नात नाव कमवायची वेळ आली, तेव्हा त्याने हाच कॉन्चेर्टो बाहेर काढला आणि शेवटचा भाग बदलून नवा रोंडो लिहिला. तो रोंडो शहरात फार गाजला. वडिलांना तो पाठवताना मोत्सार्टने त्याची नीट जपणूक करण्याची ताकीदही दिली. म्हणजे आपला पहिला कॉन्चेर्टो कोणता, हे मोत्सार्टने स्वतःच्या मनाशी ठरवलेले होते. सूचीला ते कळायला वेळ लागला.

बेथोव्हेनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १७८४ साली बॉनमध्ये, तेराव्या वर्षी, त्याने ई फ्लॅट मेजरमध्ये एक कॉन्चेर्टो लिहिला. त्याचा फक्त पियानोचा भाग आज उपलब्ध आहे. वाद्यवृंद काय वाजवणार, याच्या खुणा त्यातच आहेत. नंतर बी फ्लॅट मेजरमधला कॉन्चेर्टो आला. त्याचा आरंभ बॉनच्याच दिवसांत झाला आणि पुढची दहा-एक वर्षे बेथोव्हेन तो बदलत राहिला. सी मेजरमधला कॉन्चेर्टो त्याच्याही नंतरचा. पण १८०१ साली सी मेजर आधी छापून आला, ओपस (प्रकाशित कृतीचा अनुक्रमांक) १५ म्हणून, आणि ‘पहिला’ ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस बी फ्लॅट छापला गेला, ओपस १९ म्हणून, आणि ‘दुसरा’ ठरला.

हा केवळ छापखान्यातला अपघात नव्हता. बी फ्लॅट कॉन्चेर्टो होफमाइस्टर या प्रकाशकाला देऊ करताना, ही आपल्या उत्तम रचनांपैकी नाही, असे बेथोव्हेनने स्वतःहून कळवले होते. नंतरच्या पत्रात त्याने दरपत्रकच दिले: सिंफनी वीस डुकाट, सेप्टेट वीस डुकाट, पियानो सोनाटा वीस डुकाट आणि हा कॉन्चेर्टो दहा डुकाट. पूर्ण वाद्यवृंदासह लिहिलेली रचना, आणि तिची किंमत एकट्या पियानोच्या सोनाट्याच्या निम्मी! कर्त्याने आपल्याच कृतीचे केलेले इतके रोकडे मूल्यमापन संगीताच्या इतिहासात फारसे सापडत नाही.

शोपँचीही गोष्ट अशीच. एफ मायनर कॉन्चेर्टो त्याने १७ मार्च १८३० रोजी वॉर्सात वाजवला आणि ई मायनर त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला. पण ई मायनर १८३३ साली छापला गेला आणि एफ मायनर १८३६ साली. म्हणून मागून आलेला पहिला झाला. ऑक्टोबरच्या त्या मैफलीचे वर्णन शोपँने मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे आणि त्यातून त्या काळची ऐकण्याची रीत कळते. कॉन्चेर्टोचा पहिला भाग झाला, टाळ्या झाल्या, मग एका गायिकेने गाणे म्हटले आणि त्यानंतर उरलेले दोन भाग वाजले. आज आपण दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवणाऱ्याकडे वळून पाहतो. वीस वर्षांच्या शोपँला मध्येच दुसऱ्याचे गाणे आले तरी त्यात वावगे वाटले नाही. त्या मैफलीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, त्याने वॉर्सा सोडले. महिना संपायच्या आत तिथे रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि शोपँ पोलंडला परत जाऊ शकला नाही.

४

क्रमांकांचा गुंता सुटला, की प्रश्न येतो घडणीचा. माझ्या मते नव्या अभ्यासकाने सगळ्यांत आधी एकच गोष्ट पाहावी: पियानो केव्हा आणि कसा प्रवेश करतो. एकटा वादक समूहासमोर कसा उभा राहतो, हा कॉन्चेर्टोचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकदा त्या पहिल्या प्रवेशातच मिळते.

बेथोव्हेनच्या सी मेजर कॉन्चेर्टोत वाद्यवृंद हलक्या आवाजात, लष्करी चालीवर सुरुवात करतो. शंभराहून अधिक मात्राखंड तो एकटाच बोलतो. मग पियानो येतो आणि वाद्यवृंदाने मांडलेले काहीही न घेता स्वतःची वेगळीच, साधी, गाती सुरावट सुरू करतो. सगळ्यांचे बोलून होईपर्यंत थांबायचे आणि मग विषयच बदलायचा, असा हा आत्मविश्वास आहे.

शोपँने ई मायनरमध्ये याच रूढ घडणीतून वाद्यवृंदाला चांगली चारेक मिनिटे दिली. मेंडेल्सनने मात्र ही वाट मोडली. १७ ऑक्टोबर १८३१ रोजी म्युनिकमध्ये त्याने जी मायनर कॉन्चेर्टो प्रथम वाजवला. वाद्यवृंदाचे काही क्षणांचे उसळते पाऊल पडते आणि पियानो लगेच आत झेपावतो. दीर्घ प्रस्ताव त्याने काढून टाकला आणि तिन्ही भाग एकमेकांना जोडून घेतले, म्हणजे मध्ये टाळी नको आणि गाणेही नको. मेंडेल्सनच्या मागेही एक ‘शून्यावा’ कॉन्चेर्टो आहेच, ए मायनरमधला, तेराव्या वर्षी लिहिलेला. तो त्याने क्रमात धरला नाही.

लिस्टने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्याच्या ई फ्लॅट कॉन्चेर्टोत वाद्यवृंद एक करारी वाक्य उच्चारतो आणि पाचव्या मात्राखंडात पियानो दोन्ही हातांच्या सप्तकांनी त्यावर कोसळतो. ही अवघी वीस मिनिटांची रचना अखंड वाहते. त्यातल्या सुरावटींचे कच्चे आराखडे १८३०च्या दशकातले आहेत, आणि पहिला प्रयोग झाला १७ फेब्रुवारी १८५५ रोजी, वायमारमध्ये. पियानोवर लिस्ट, संचालनाला बर्लिओझ. वीसेक वर्षे एखादी रचना मनात आणि कागदावर मुरवत ठेवायची, हे त्या काळच्या सर्वांत झगमगत्या पियानोवादकाने करावे, याचा विचार करण्यासारखा आहे. लोकांसमोर बोटांची किमया रोज दाखवता येत होती. कॉन्चेर्टो म्हणून काय मागे ठेवायचे, हा निर्णय त्याला सोपा गेला नाही.

५

या सगळ्या निर्णयांत सर्वांत कष्टाचा निर्णय ब्राम्सचा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडे अधिक थांबू.

फेब्रुवारी १८५४मध्ये ब्राम्सचा पाठीराखा रोबर्ट शूमान याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. तो वाचला, पण पुढची दोन वर्षे मनोरुग्णालयातच काढून तिथे वारला. वीस वर्षांचा ब्राम्स धावत रोबर्टची पत्नी क्लारा शूमान हिच्या घरी गेला. त्या वसंतात त्याने डी मायनरमध्ये दोन पियानोंचा सोनाटा लिहायला घेतला. दोन पियानो अपुरे वाटू लागले, तेव्हा त्याने पहिला भाग सिंफनी म्हणून वाद्यवृंदासाठी लिहायला सुरुवात केली. वाद्यवृंदावर अजून हुकमत नव्हती, म्हणून तेही जमेना. १८५५च्या फेब्रुवारीत त्याने क्लाराला एक स्वप्न कळवले: आपल्या फसलेल्या सिंफनीचा कॉन्चेर्टो केला आहे आणि आपणच तो वाजवत आहोत. अखेर तसेच झाले. पहिला भाग राहिला, बाकीचे भाग नव्याने लिहिले गेले. जुन्या सोनाट्यातला एक संथ भाग ब्राम्सने बाजूला काढला, त्यातून पुढे त्याच्या ‘जर्मन रेक्विएम’चा दुसरा भाग उभा राहिला.

या रचनेची सुरुवात नीट ऐका. टिंपनीचा गडगडाट, खाली खर्जात धरून ठेवलेला डी, आणि त्यावर व्हायोलिनांची सुरावट. रचना डी मायनरची म्हणवते, पण वर वाजतो तो बी फ्लॅटचा कॉर्ड. पायाखाली एक स्वर आणि डोक्यावर दुसऱ्याच घराचा कॉर्ड, त्यामुळे कानाला उभे राहायला जागा मिळत नाही. त्यात तीव्र थरथरणाऱ्या ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने होणारी अदलाबदल. हे सगळे तीन-चार मिनिटे चालते. मग पियानो येतो, आणि तो वादळाला उत्तर देत नाही. जवळजवळच्या स्वरांच्या जोड्यांनी, हळू आवाजात, एखादी जुनी खंत बोलून दाखवावी तसा तो बोलतो. वादकाचे कसब दिसावे म्हणून इथे काहीच केलेले नाही. आणि तरीही हा भाग वाजवायला अतोनात कठीण आहे.

पहिला प्रयोग २२ जानेवारी १८५९ रोजी हानोव्हरमध्ये झाला. पियानोवर ब्राम्स, संचालनाला त्याचा मित्र योआखिम. पाच दिवसांनी लाइपत्सिगच्या गेवांटहाउसमध्ये तो पुन्हा वाजला आणि श्रोत्यांनी फूत्कार काढून नापसंती दाखवली. ब्राम्सने योआखिमला लिहिलेल्या पत्रात ही फजिती सरळ मान्य केली. आपण अजून वाट चाचपत आहोत, असेही लिहिले. त्याच शहराने मेंडेल्सन डोक्यावर घेतला होता. तिथल्या श्रोत्यांना पियानोवादकाची झळाळी हवी होती आणि त्यांच्यापुढे आली सिंफनीच्या वजनाची, पाऊण तासाची शोकगंभीर रचना. ब्राम्सचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो यायला १८८१ साल उजाडले.

६

क्लारा शूमानचे नाव इथे दुसऱ्यांच्या चरित्रातली व्यक्ती म्हणून येऊन चालणार नाही. ९ नोव्हेंबर १८३५ रोजी, त्याच गेवांटहाउसमध्ये, सोळा वर्षांच्या क्लारा वीकने (हे तिचे माहेरचे नाव) आपला ए मायनर कॉन्चेर्टो वाजवला. संचालक मेंडेल्सन होता. तिने तो लिहायला घेतला तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. तिन्ही भाग न थांबता एकातून दुसऱ्यात जातात. मधल्या भागात जवळजवळ सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि पियानोसोबत फक्त एकटा चेलो गातो. वाद्यवृंदाचा जनसमूह मागे सारून एकाच वाद्याशी बोलायचे, ही कल्पना त्या वयात सुचणे ही मोठी गोष्ट आहे. दहा वर्षांनी रोबर्टचा ए मायनर कॉन्चेर्टो पूर्ण झाला, तेव्हा त्याच्या मधल्या भागात चेलोंची गाती सुरावट आली. ब्राम्सच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचा संथ भागही एकट्या चेलोनेच सुरू होतो. क्लाराने १८४७ साली एफ मायनरमध्ये आणखी एक कॉन्चेर्टो सुरू केला होता. तो अपुरा राहिला.

म्हणून या क्षेत्रात ‘पहिला’ या वर्गाच्या शेजारी आणखी एक वर्ग ठेवावा लागतो: जो पहिला होता आणि एकटाच राहिला. क्लाराचा, रोबर्टचा, आणि ग्रीगचाही. ग्रीगने १८६८ साली, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, ए मायनर कॉन्चेर्टो लिहिला आणि तो जगभर गेला. दुसऱ्याचे काही आराखडे करून त्याने नाद सोडला. एकटा राहिलेला कॉन्चेर्टो कधी यशामुळे एकटा राहतो, कधी घरदार आणि संसार सांभाळताना वेळच न उरल्यामुळे. हा फरक स्वरलिपीत दिसत नाही, त्यासाठी चरित्र उघडावे लागते.

७

रशियन संगीतकारांकडे वळले, की पहिल्या कॉन्चेर्टोचा निर्णय पुन्हा पुन्हा घेतलेला दिसतो. चायकोव्हस्कीने बी फ्लॅट मायनर कॉन्चेर्टो १८७४च्या अखेरीस लिहिला आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी मॉस्को कन्झर्व्हेटरीत तिथला प्रमुख निकोलाय रुबिनश्टाइन याला वाजवून दाखवला. रुबिनश्टाइनने तो पार निकालात काढला. वाजवता येण्याजोगा नाही, उसनवारीचा आहे, दोन-तीन पाने सोडून बाकी सगळे बदलावे लागेल, असा त्याचा सूर होता. हा प्रसंग चायकोव्हस्कीने तीन वर्षांनी आपली आश्रयदाती नाडेझ्दा फॉन मेक हिला लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे, आणि एक स्वरही बदलणार नाही असे आपण तिथल्या तिथे बजावले, असेही त्यात आहे. रचना त्याने पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोला अर्पण केली आणि २५ ऑक्टोबर १८७५ रोजी ब्यूलोने ती अमेरिकेत बॉस्टनमध्ये प्रथम वाजवली. त्याच हिवाळ्यात मॉस्कोत ती तानेयेव्हने वाजवली, तेव्हा संचालनाला उभा होता रुबिनश्टाइन. पुढे तर त्याने स्वतः ती वाजवलीही.

आणि चायकोव्हस्कीने स्वर बदललेच. १८७९ आणि १८८८ साली सुधारित आवृत्त्या निघाल्या. आपण ज्या सुरुवातीवरून ही रचना ओळखतो, ते पियानोचे खालून वरपर्यंत आदळणारे भरदार कॉर्ड मूळच्या स्वरूपात नव्हते. तिथे कॉर्डचे स्वर एकापाठोपाठ एक झंकारत उलगडतात आणि वरची सुरावट वाद्यवृंदाकडे शांतपणे राहते. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली, तर सुरुवातीचे नाते किती बदलते ते कळते. एका रूपात पियानो वाद्यवृंदाला साथ देतो, दुसऱ्यात त्याच्यावर राज्य करतो. शिवाय ही सुरुवातीची सुरावट पुढे पुन्हा येतच नाही. जगातल्या सर्वांत ओळखीच्या सुरावटींपैकी एक, आणि संगीतकार ती पहिल्या काही मिनिटांत वापरून सोडून देतो.

राख्मानिनॉव्हने एफ शार्प मायनर कॉन्चेर्टो विद्यार्थिदशेत, १८९१ साली पुरा केला आणि त्याला ओपस १ म्हटले. दुसरा आणि तिसरा कॉन्चेर्टो लिहून जगप्रसिद्ध झाल्यावर, १९१७च्या शरदात, बाहेर क्रांती पेटलेली असताना मॉस्कोतल्या घरात बसून त्याने हा पहिला पुन्हा लिहून काढला. सुरावटी अठरा वर्षांच्या मुलाच्या, मांडणी चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाची. डिसेंबरात त्याने रशिया कायमचा सोडला. १९३९-४० मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासोबत त्याने तो स्वतः ध्वनिमुद्रित केला. ज्याला कर्त्याचा स्वतःचा हात ऐकायचा असेल, त्याने हे ध्वनिमुद्रण चुकवू नये.

प्रोकोफिएव्हचा बाणा वेगळाच. त्याचा डी फ्लॅट कॉन्चेर्टो १९१२ साली मॉस्कोत वाजला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गच्या कन्झर्व्हेटरीतल्या रुबिनश्टाइन पारितोषिकासाठी त्याने अभिजात रचना न घेता हाच निवडला, परीक्षकांच्या हाती छापील स्वरलिपी दिली आणि पारितोषिक जिंकले. बार्टोकने १९२६ साली आपल्या पहिल्या कॉन्चेर्टोत तालवाद्ये थेट पियानोमागे बसवायला सांगितली आणि मधल्या भागात तंतुवाद्यांना गप्प केले. पियानो हेही तारांवर हातोडे मारणारे वाद्य आहे, हे त्याला ऐकवायचे होते. शोस्टाकोविचने १९३३ साली पियानोच्या जोडीला एक ट्रंपेट उभा केला आणि बाकी फक्त तंतुवाद्ये ठेवली.

८

आता अभ्यासाच्या रीतीविषयी थोडे. पहिले म्हणजे वाद्य समजून घ्यावे. बेथोव्हेनच्या सी मेजर कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात दुसरी सुरावट सप्तकांत वर चढते, तेव्हा तिला वरचा एफ शार्प हवा असतो, पण लिहिलेला आहे साधा एफ. कारण त्याच्या त्या वेळच्या पाच सप्तकांच्या पियानोत वरची शेवटची पट्टी एफचीच होती. १८०९च्या सुमारास त्याने याच भागासाठी कॅडेन्झा लिहिले. तोवर पियानोचा पल्ला वाढला होता आणि कॅडेन्झात मूळ रचनेच्या मर्यादेपलीकडचे स्वर आले. आजचा वादक तो एफ तसाच ठेवतो की शार्प करतो, हे ऐका. कर्त्याला हवे होते ते वाजवायचे की त्याने लिहिले ते, हा संपादनशास्त्राचा सगळा वाद त्या एका पट्टीवर उभा आहे.

दुसरे, स्वरलिपीची भीती बाळगू नये. जुन्या रचनांच्या स्वरलिपी आता सहज पाहायला मिळतात. स्वर वाचता आले नाहीत तरी कुठे वाद्यवृंदाच्या ओळी भरलेल्या आहेत आणि कुठे पियानो एकटा आहे, एवढे डोळ्यांना कळते. तेवढ्यानेही ऐकणे बदलते.

तिसरे, प्रत्यक्ष मैफल गाठावी. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याच्या चर्चमध्ये स्वरलिपी वाचायला शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद तोलून धरले. २००६पासून राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो आहे. पियानो सभागृहात समोर असतो, तेव्हा वादक आणि संचालक एकमेकांकडे केव्हा पाहतात, कॅडेन्झा संपताना ट्रिल सुरू झाली की व्हायोलिनवादक गज कसे उचलतात, हे दिसते. ध्वनिमुद्रणात ते हरवते.

ऐकायचा क्रम विचाराल, तर मी मोत्सार्टचा केशेल १७५ आणि बेथोव्हेनचा सी मेजर यांपासून सुरुवात करायला सांगेन. मग मेंडेल्सन आणि क्लारा शूमान एकापाठोपाठ. कान सरावला, की ब्राम्स. त्यानंतर चायकोव्हस्कीची दोन रूपे, राख्मानिनॉव्ह, आणि शेवटी प्रोकोफिएव्ह व बार्टोक.

या विषयात अजून खूप काम शिल्लक आहे. एमी बीचने १९०० साली बॉस्टनमध्ये स्वतः वाजवलेला सी शार्प मायनर कॉन्चेर्टो, फ्लोरेन्स प्राइसचा १९३४चा एका भागाचा कॉन्चेर्टो, अशा रचना फार काळ कपाटात पडून होत्या आणि आता पुन्हा वाजू लागल्या आहेत. त्यांच्याविषयी मराठीत लिहायला हवे. कोणत्या रचनेला पहिली म्हणायचे, हे आजवर कधी संगीतकारांनी ठरवले, कधी प्रकाशकांनी आणि कधी सूचिकारांनी. कोणत्या रचना ऐकल्या जातील, हे मात्र श्रोतेच ठरवतात. जाणता श्रोता वाढला, तर ही यादीही वाढेल. त्या श्रोत्यांत आपणही असावे, असे ज्याला वाटते, त्या प्रत्येकाचे या क्षेत्रात मनापासून स्वागत आहे.